आखेनला शिकायला जायचंय? आधी इन्स्टिट्यूट शोधा

दरवर्षी दिवाळी संपली की मला फोन यायला लागतात. इचलकरंजी, सांगली, पुणे, कधी नाशिक. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आरडब्ल्यूटीएचची रँक किती?" (आरडब्ल्यूटीएच म्हणजे जर्मनीतल्या आखेनचं तंत्रविद्यापीठ.) दुसरा पालकांचा: "फी नाही म्हणतात, मग शिक्षण चांगलं असेल का?" प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांवरून कोणाचाही प्रवेश ठरत नाही आणि तिथली दोन वर्षंही ठरत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला फोनवर जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी मूळची इचलकरंजीची, घरी यंत्रमागांचा व्यवसाय. टेक्स्टाइलची पदवी घेतली, आखेनला मास्टर्स केलं आणि आता जर्मनीतच नोकरी करते. त्यामुळे उदाहरणं माझ्या विषयातली असतील, पण रीत सगळ्या शाखांना लागू पडते.

विद्यापीठ आहे तरी कसं

पूर्ण नाव राइनिश-वेस्टफेलिश टेक्निश होखशूल आखेन. सगळे आरडब्ल्यूटीएच म्हणतात. नॉर्थ राइन-वेस्टफालिया या राज्याचं सरकारी विद्यापीठ आहे. इथे पंचेचाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. त्याच गावात एफएच आखेन नावाची दुसरी संस्था आहे, 1971 सालची. तीही चांगली आहे, पण वेगळी आहे. अर्ज वेगळा, अभ्यासक्रम वेगळे, पदवी वेगळी. एजंटने दिलेल्या यादीत नुसतं "आखेन युनिव्हर्सिटी" लिहिलेलं असेल तर कोणती ते आधी विचारून घ्या. दोन्हींची गल्लत करून कागद जमवणारी मुलं मी पाहिली आहेत.

फीबद्दल पालकांना मी इतिहासातूनच उत्तर देते. 1858 साली आखेनच्या एका आगविमा कंपनीने प्रशियाच्या राजपुत्राला पाच हजार टालर देणगी दिली. त्याने ते पैसे ऱ्हाइन प्रांतात तंत्रशिक्षणाची संस्था काढायला वापरायचं ठरवलं. 1865 मध्ये पायाभरणी झाली आणि 10 ऑक्टोबर 1870 रोजी 223 विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग सुरू झाले. त्या काळी आखेन हे लोकरी कापडाचं आणि सुयांचं गाव होतं, आसपास कोळशाच्या खाणी होत्या. कारखान्यांना इंजिनिअर हवे होते, म्हणून संस्था उभी राहिली. आजही उद्योगाची गरज आणि सरकारचा पैसा यांवरच ती चालते. विद्यार्थ्याकडून फी न घेणं हा तिथे सार्वजनिक धोरणाचा भाग आहे. त्याचा शिक्षणाच्या दर्जाशी संबंध लावू नका.

तरी दोन गोष्टी नीट वाचा. एक, दर सहामाहीला वर्गणी भरावी लागते, 300 युरोंहून थोडी जास्त. तिच्यात विद्यार्थी संघटना, वसतिगृह-मेस चालवणारी संस्था आणि देशभर लोकल गाड्या-बसला चालणारं तिकीट हे सगळं येतं. दुसरी जास्त महत्त्वाची. याच विद्यापीठाचे काही इंग्रजी मास्टर्स अभ्यासक्रम आरडब्ल्यूटीएच इंटरनॅशनल अकॅडमी चालवते आणि त्यांना सहामाहीला काही हजार युरो फी असते. पदवी आरडब्ल्यूटीएचचीच मिळते. ते अभ्यासक्रम वाईट नाहीत, वर्ग लहान असतात, लक्ष जास्त दिलं जातं. पण घरी "फुकट आहे" असं सांगून कर्ज काढलं आणि नंतर फीचं पत्र आलं तर सगळं गणित कोलमडतं. अभ्यासक्रमाच्या पानावर फीचा उल्लेख आहे का, हे सगळ्यात आधी शोधा.

भिंत आणि फाटक असलेलं आवार शोधू नका. टेम्पलरग्राबेन या रस्त्यावर मुख्य इमारत आहे, शेजारी विद्यार्थी सेवांची सुपरसी नावाची काचेची इमारत आहे, आणि बाकी विद्यापीठ गावभर पसरलेलं आहे. गावाच्या पश्चिमेला हॉर्न आणि मेलाटेन या भागांत नवीन संस्था आहेत, पलीकडे प्रचंड विद्यापीठ रुग्णालय, आणि त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर नेदरलँड्सची हद्द. सकाळचं लेक्चर गावात आणि दुपारचं प्रॅक्टिकल मेलाटेनला असेल तर मध्ये बसचा वेळ धरावा लागतो. वेळापत्रक लावताना हे बघा.

खरं विद्यापीठ इन्स्टिट्यूटमध्ये असतं

आपल्याकडे विभाग असतो, विभागप्रमुख असतात, वर्ग असतो, वर्गशिक्षक असतात. तिथे इन्स्टिट्यूट असते. एका प्राध्यापकाच्या किंवा दोन-चार प्राध्यापकांच्या हाताखाली स्वतंत्र इमारत, स्वतःच्या प्रयोगशाळा, स्वतःचं वर्कशॉप, पीएचडी करणारे पगारी संशोधक, आणि त्यांच्याकडे काम करणारी मास्टर्सची मुलं. मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये शेकडो माणसं असतात. उद्योगांचे प्रकल्प तिथे येतात, प्रबंधाचे विषय तिथून निघतात, पहिली नोकरीही बऱ्याचदा तिथल्या ओळखीतून मिळते. म्हणून मी म्हणते, रँकचा तक्ता बाजूला ठेवा आणि आपल्या विषयाची इन्स्टिट्यूट शोधा.

काही नावं सांगते. मशीन टूल आणि उत्पादन तंत्रासाठी डब्ल्यूझेडएल, 1906 पासूनची. भोसरी-चाकणमध्ये टूलरूमला काम केलेल्या माणसाने ती पाहिली तर त्याचा पाय निघणार नाही. मोटारगाड्यांसाठी इका, ती 1902 पासून चालते. गावातच फ्राउनहोफर संस्थेच्या दोन प्रयोगशाळा आहेत, एक लेझरची, एक उत्पादन तंत्राची, आणि त्यांचे प्रमुख बहुधा विद्यापीठातही प्राध्यापक असतात. जवळच्या युलिश गावात मोठं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्याच्याशी 2007 पासून विद्यापीठाची औपचारिक भागीदारी आहे. विजेवर चालणारी स्ट्रीटस्कूटर नावाची टपालगाडी याच विद्यापीठातल्या कामातून 2010 साली उभी राहिली आणि 2014 मध्ये जर्मन टपाल कंपनीने ती कंपनीच विकत घेतली.

माझी इन्स्टिट्यूट आयटीए, म्हणजे टेक्स्टाइल तंत्राची. मेलाटेनमध्ये ओटो ब्लुमेंथाल यांच्या नावाच्या रस्त्यावर आहे. ब्लुमेंथाल हे आखेनचे गणिताचे प्राध्यापक, प्रसिद्ध जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी. ते ज्यू वंशाचे होते. नाझी राजवटीत 1933 मध्ये त्यांना काढून टाकलं आणि 1944 मध्ये टेरेझिनश्टाटच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. विमानशास्त्रातले थिओडोर फॉन कारमान 1913 पासून इथे प्राध्यापक होते, तेही त्याच काळात अमेरिकेला गेले ते कायमचे. त्यांच्या नावाचं सभागृह आज रोज विद्यार्थ्यांनी भरतं. आपण ज्या आवारात शिकतो तिथे काय घडलं हे माहीत असावं, म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी ही दोन नावं सांगतेच.

आयटीएत शिरल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं ते कार्बनच्या धाग्याचं विणकाम. आमच्याकडे माग म्हणजे धोतर, लुंगी, पॉपलिन. इथे माग होता, ताणा-बाणा होता, तुटलेला धागा सांधायची तीच घाई होती, पण विणलं जात होतं ते पवनचक्कीच्या पात्यासाठी आणि काँक्रीटमध्ये घालायच्या जाळीसाठी. लोखंडी सळईऐवजी काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्याची जाळी घातली तर ती गंजत नाही, त्यामुळे काँक्रीटचा थर अगदी पातळ ठेवता येतो. या विषयावर आखेनमध्ये अनेक वर्षं काम झालं आहे. वहिफणी, सायझिंग, माग हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं असल्यामुळे मला तिथल्या तंत्रज्ञांशी बोलायला विषय शोधावा लागला नाही. तुमच्याकडेही असं काहीतरी असणार. साखर कारखाना, फाउंड्री, द्राक्षाचं शीतगृह, गॅरेज. त्या अनुभवाला जोडणारी इन्स्टिट्यूट तिथे आहे का, ते शोधा. अर्जाच्या पत्रात हाच धागा पकडून लिहा. "मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे" हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं.

शोधायचं कसं? इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर तीन ठिकाणी जा. पहिलं, माणसांची यादी: कोण कोणत्या विषयावर काम करतं. दुसरं, प्रबंधाच्या विषयांची पाटी, तिथे बॅचलर्स-मास्टर्सचे खुले विषय टांगलेले असतात. तिसरं, विद्यार्थी सहायकांच्या जाहिराती. या तिन्ही ठिकाणी एक संध्याकाळ घालवलीत तर समजतं की विषय तुमच्या कामाचा आहे का, आणि काम इंग्रजीत चालतं की जर्मनमध्ये. जाहिराती सगळ्या जर्मनमध्ये असतील तर अभ्यासक्रम इंग्रजी असूनही प्रयोगशाळेतली भाषा कोणती, हे उघड आहे.

आपण बसतो का, हे आधी घरी तपासा

आखेनमध्ये मास्टर्सचा अर्ज तपासताना तुमच्या पदवीतले विषय मोजले जातात. गणित किती क्रेडिट, मेकॅनिक्स किती, थर्मोडायनॅमिक्स किती. अभ्यासक्रमाच्या परीक्षा-नियमावलीत ही यादी असते. ती पीडीएफ बहुधा जर्मनमध्ये असते, भाषांतर करून घ्या पण वाचा. एका वहीत डावीकडे त्यांची मागणी आणि उजवीकडे आपला विषय, असं लिहून काढा. आपल्या युनिव्हर्सिटीचे क्रेडिट आणि युरोपचे क्रेडिट सारखे नसतात, हे धरून चाला. मोठी तफावत असेल तर टक्केवारी नव्वद असली तरी नकार येतो. थोडी असेल तर काही विषय तिथे येऊन पूर्ण करा, या अटीवर प्रवेश मिळू शकतो. विषयाचं नाव वेगळं पण आतला मजकूर तोच असेल, तर आपल्या कॉलेजचा सिलॅबस अर्जाला जोडा. आमच्या "फॅब्रिक स्ट्रक्चर"सारख्या नावावरून तपासणाऱ्याला आत किती गणित आहे हे कळणार नाही.

गुणांचं रूपांतर करायला एक सूत्र आहे. सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, सर्वोच्च उणे उत्तीर्ण गुण यांनी भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. समजा, सर्वोच्च 10, उत्तीर्ण 4 आणि तुम्हाला 8 आहेत. 2 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.0. जर्मनीत 1.0 सर्वांत चांगले आणि 4.0 ला जेमतेम पास. उत्तीर्ण व्हायला किती लागतात हा आकडा बहुधा आपल्या गुणपत्रिकेच्या मागे छापलेला असतो. तो चुकीचा धरला तर उत्तरच बदलतं.

भाषेचं सांगते. यंत्र अभियांत्रिकीचे बरेचसे मास्टर्स अभ्यासक्रम जर्मनमध्ये आहेत आणि त्यांना टेस्टडाफ किंवा डीएसएच या जर्मन भाषेच्या परीक्षांच्या पातळीची जर्मन लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट या दोन्ही ठिकाणी शिकता येतं, पण शून्यापासून त्या पातळीला पोचायला दीड-दोन वर्षं धरा. इंग्रजी अभ्यासक्रमाला आयईएलटीएस किंवा टोफेल द्या. पदवीचं माध्यम इंग्रजी होतं या प्राचार्यांच्या पत्रावर विसंबू नका. काही अभ्यासक्रम जीआरई मागतात. ते ज्याच्या-त्याच्या पानावर बघा.

कागद, पैसे, तारखा

एपीएस प्रमाणपत्र 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे. तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची ही तपासणी. त्याची फी 18,000 रुपये आहे आणि काही आठवडे लागतात, गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी हिवाळी सत्राची मुदत बहुतेक मास्टर्सना 1 मार्च असते. म्हणजे एपीएसचे कागद गणपतीच्या सुमारास पाठवले तर जीव टांगणीला लागत नाही. सातव्या सत्राची गुणपत्रिका यायची वाट बघत थांबू नका, अपूर्ण पदवीवरही अर्ज करता येतो. अर्ज थेट विद्यापीठाच्या आरडब्ल्यूटीएच-ऑनलाइन या पोर्टलवर करायचा, मध्ये कोणी लागत नाही. एजंटला पैसे देऊन तुमच्या हाती जास्त काय येणार, हे मला आजवर कळलेलं नाही.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992 हातात पडतात. ही रक्कम अधूनमधून वाढते, अर्ज करतानाचा आकडा वकिलातीच्या पानावर बघा. शैक्षणिक कर्जातून ती भरता येते, पण बँकेला आधीच सांगा की ही फी नसून राहण्याच्या खर्चाची रक्कम आहे आणि ती विद्यापीठाला जाणार नाही, तुमच्याच नावे जाणार आहे. शाखेतल्या अधिकाऱ्याला ही पद्धत माहीत नसेल तर मंजुरीला उशीर होतो. आमच्या बाबतीत बाबा छापील माहिती घेऊन बँकेत बसले आणि अधिकाऱ्यांना एकेक ओळ समजावून दिली, तेव्हा काम पुढे सरकलं.

आरोग्यविमा विद्यार्थ्यांना महिन्याला 140 युरोंच्या आसपास पडतो, पण ही सवलत वयाच्या तिशीपर्यंतच. पाच-सात वर्षं नोकरी करून जाणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन हिशेब मांडावा.

खोली आणि पहिले पंधरा दिवस

आखेनमध्ये सगळ्यांत अवघड गोष्ट खोली मिळणं. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडेनवेर्क आखेन या संस्थेच्या वसतिगृहांना अर्ज करा. रुट्शर श्ट्रासेवरच्या चार उंच इमारतींना सगळे "टॉवर्स" म्हणतात, तिथे पुष्कळ परदेशी मुलं राहतात. प्रतीक्षायादी मोठी असते, काही सहामाह्या जाऊ शकतात. तोपर्यंत सामाईक फ्लॅटमधली खोली शोधायची. खोली न बघता, करार हातात नसताना कोणी पैसे मागितले तर पाठवू नका. "मी सध्या लंडनला आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" हा मजकूर दरवर्षी कोणाला ना कोणाला येतोच.

सीमेपलीकडे नेदरलँड्सच्या फाल्स गावात भाडं कमी दिसतं आणि बस तिथपर्यंत जाते. तरी तुमचा राहण्याचा परवाना जर्मनीचा आहे, हे विसरू नका. दुसऱ्या देशात घर घेतलं की परवाना आणि विमा दोन्ही गुंतागुंतीचे होतात. भाजी घ्यायला खुशाल जा.

खोली मिळाली की घरमालकाकडून सहीचा दाखला घ्यायचा आणि दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवायचं. याला अनमेल्डुंग म्हणतात. ते झालं की बँक खातं, विमा, परवाना अशी पुढची कामं मार्गी लागतात. थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला 18.36 युरो. ते टाकून देऊ नका. ही वर्गणी घरामागे एकच असते, म्हणजे चौघे राहत असाल तर एकाने भरून वाटून घ्यायची.

जेवणाची चिंता आईवडिलांना जास्त असते. पॉन्टवालवर मेन्सा अकाडेमिका ही विद्यार्थ्यांची मेस आहे, तिथे रोज शाकाहारी पदार्थ असतो आणि विद्यार्थ्याला काही युरोत पोटभर जेवण मिळतं. गावात तुर्की दुकानांत कोथिंबीर, मिरच्या, वांगी सगळं मिळतं. भाकरीचं पीठ मात्र पहिल्यांदा बरोबर न्या.

परीक्षा: इथे कोणी मागे लागत नाही

हा भाग मी जरा आवाज चढवून सांगते. हजेरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. मध्ये युनिट टेस्ट नाही, सबमिशनसाठी सर ओरडत नाहीत. ऑक्टोबरात सुरू झालेलं लेक्चर फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतं आणि मग एका पेपरवर सगळं ठरतं. परीक्षेची नोंदणी स्वतः पोर्टलवर करायची, मुदत गेली तर गेली. तयारी झाली नसेल तर परीक्षेच्या काही दिवस आधीपर्यंत नाव काढून घेता येतं. त्याची अचूक मुदत आपल्या नियमावलीत पाहून कॅलेंडरमध्ये घाला. नाव न काढता गैरहजर राहिलात तर नापास धरतात. आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला लगेच परीक्षा कार्यालयात पोचवायचा.

एका विषयाला तीन संधी. तिन्ही गेल्या आणि तो विषय अनिवार्य असेल, तर तो अभ्यासक्रमच संपतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. एटीकेटीची सवय असलेल्यांनी हे घरच्यांनाही समजावून सांगावं, म्हणजे "एखादा विषय राहिला तर राहिला" असं कोणी म्हणणार नाही. पहिल्या सहामाहीत सहा-सात पेपर ओढू नका. चार घ्या, नीट द्या. भारतातून नुकतंच आलेलं असताना घर, थंडी, स्वयंपाक, कागद यांतच निम्मा वेळ जातो.

अभ्यासाची रीत अशी: प्रत्येक शाखेची विद्यार्थी समिती असते, फाखशाफ्ट. त्यांच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. त्या पहिल्याच महिन्यात आणा, म्हणजे लेक्चरमध्ये कशाकडे कान द्यायचा ते कळतं. व्याख्यानापेक्षा सरावाचा तास, म्हणजे युबुंग, जास्त महत्त्वाचा, कारण तिथली गणितं परीक्षेच्या जवळची असतात. आणि निकालानंतर स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा दिवस जाहीर होतो, त्याला आइनझिष्ट म्हणतात. तिथे जा, पास झाला असलात तरी जा. तपासणारा संशोधक समोर बसलेला असतो, कुठे गुण गेले ते दाखवतो, तुमचं म्हणणं पटलं तर गुण वाढवतोही. आपल्याकडे पेपर रीचेकिंगला टाकणं म्हणजे शिक्षकांशी वैर घेतल्यासारखं वाटतं. तिथे हा तुमचा साधा हक्क आहे आणि कोणी मनात ठेवत नाही.

हीवी आणि प्रबंध

विद्यार्थी सहायकाला तिथे हीवी म्हणतात. आठवड्याला काही तास इन्स्टिट्यूटमध्ये काम, पगार, आणि मुख्य म्हणजे प्रयोगशाळेची किल्ली. मार्च 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, आणि विद्यापीठातलं हीवीचं काम या मोजणीत धरत नाहीत. पैशासाठी गोदामात रात्रपाळी करणारी मुलं आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही, गरज असते. पण तेवढेच तास इन्स्टिट्यूटमध्ये गेले तर दोन वर्षांनी हातात शिफारस, प्रबंधाचा विषय आणि जर्मन बोलायची सवय असते. माझ्या प्रबंधाचा विषय मला कोणी दिला नाही. मागावर नमुने विणून देण्याचं काम करत होते, एका संशोधकाला धागा का तुटतो याचा हिशेब लागत नव्हता, मी ताण मोजायची एक जुगत सुचवली, आणि तोच विषय झाला.

स्पर्धांसाठी गाड्या बांधणारे विद्यार्थी गटही आहेत, रेसिंग कारसाठी एक्युरी एक्स, सौरगाडीसाठी झोनेनवागेन आखेन. वेळ काढू शकत असाल तर त्यांच्याकडे जा, पण पहिल्या सहामाहीत नको.

हीवीच्या कामासाठी पहिली मेल कशी लिहावी हे सगळेच विचारतात. प्राध्यापकांना लिहू नका, जाहिरातीखाली ज्या संशोधकाचं नाव आहे त्यालाच लिहा. सुरुवातीला त्याच्या नावासह आदराचा मायना, मग पाच-सहा ओळी. तुम्ही कोणत्या अभ्यासक्रमाला, कितव्या सहामाहीत आहात. जाहिरातीतल्या कोणत्या कामाचा तुम्हाला हात आहे, आणि तो कुठे बसला: कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर, कोणत्या सॉफ्टवेअरवर. आठवड्याला किती तास देऊ शकता, कधीपासून. जर्मन किती येतं ते खरं लिहा, ए2 (सुरुवातीची पातळी) असेल तर ए2. सोबत एका पानाचा बायोडेटा आणि गुणपत्रिका, दोन्ही मिळून एकच पीडीएफ. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, नाहीतर सरळ इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन त्याच्या खोलीचं दार वाजवा. दुपारी जेवणानंतर जा, तेव्हा माणसं जागेवर सापडतात.